व्हॉल्व्हला लावलेलं खोबरेल

आधी हे सांगून टाकतो, कारण बरेच दिवस ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. माझी बायको शैला हिचा उजवा हात भाजला तो तिच्या मूर्खपणामुळे नव्हे. आमच्या इमारतीत तसं बोललं जातं, नातेवाइकांत तसं बोललं जातं, आणि काही आठवडे एका सरकारी कागदावरही तसंच लिहिलेलं होतं. ते खोटं आहे. मला फुप्फुसाचा आजार आहे, नाकात नळी घालून हे लिहितो आहे, आणि मला भयंकर राग आलेला आहे. राग आला की मला खोकला येतो, त्यामुळे हे तुकड्यातुकड्यांनी लिहावं लागलं. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

कबुतरं

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, घराजवळ कबुतरं आहेत का?"

"नारायण पेठेत राहतो," मी म्हणालो. "मोरांची सोय नाहीये तिथे."

त्या हसल्या नाहीत. शैलाने माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "हे रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतात. दोन ओंजळी. वीस वर्षं तरी झाली असतील."

कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन माझी फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. झालेलं नुकसान भरून येणार नाही, पुढचं लांबवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, किती लांबवाल? त्या म्हणाल्या, "ते तुम्ही औषधं किती नीट घेता त्यावर." म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं नाही, संताप आला. पुण्य म्हणून करत होतो हो मी ते! शैलाने पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली आणि म्हणाली, "आता त्या कबुतरांना तरी शिव्या देऊ नका. त्यांनी काय बोलावलं होतं का तुम्हाला?"

सहा महिन्यांत ऑक्सिजन लागायला लागला. घरात एक यंत्र आलं, ते हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीतून देतं. यंत्र चांगलं आहे, पण विजेवर चालतं. दवाखान्यात जाताना आणि वीज गेली की छोटा सिलेंडर लागतो, गुडघ्याइतक्या उंचीचा, काळा, खांद्यापाशी पांढरा. तो संपला की पुन्हा भरून आणायचा. आमच्या घरातलं सगळं रामायण या भरून आणण्यात घडलं.

कागद न लागणारा माणूस

निवृत्त होईपर्यंत मी एका कार्यालयात परवान्यांच्या खिडकीवर बसत होतो. कागद अपुरा असेल तर मी माणसाला परत पाठवत असे, मग तो कितीही घाम पुसत आलेला असो. लोक मला खडूस म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

आमची मुलगी मुक्ता खराडीला नोकरी करते आणि तिथेच राहते. तिने पहिल्याच आठवड्यात एक रीतसर पुरवठादार शोधून दिला होता. पण त्याची तऱ्हा अशी, की डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, आधी नोंदणी करा, सिलेंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख कोरलेली असते ती उलटून गेली असेल तर आम्ही भरणार नाही, आणि घरपोच हवा असेल तर दोन दिवस लागतील. मला ही सगळी कटकट वाटली. मला! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगितलं, त्याला.

मग ओळखीतून संतोषचा नंबर मिळाला. त्याची कात्रजच्या पुढे पत्र्याची शेड होती. फोन केला की तासाभरात मोटारसायकलवर भरलेला सिलेंडर घेऊन हजर. चिठ्ठी नाही, नोंदणी नाही, पावती तर नाहीच.

मुक्ता एकदा रविवारी आली तेव्हा तिने सिलेंडर निरखून पाहिला. "बाबा, हा पांढरा रंग ताजा आहे. खरवडलाय तिथे पांढऱ्याखालून काळाच दिसतोय. हा वेल्डिंगवाल्यांचा सिलेंडर आहे, रंगवलाय फक्त. आणि तारीखही घासून टाकलीये. इट्स नॉट इव्हन सर्टिफाइड!"

"ऑक्सिजन तो ऑक्सिजन," मी म्हणालो. "आता त्यालाही तुमच्या कंपनीचं ओळखपत्र हवं का गळ्यात?"

असं तोडून बोलून माणसाला गप्प करणं मला फार चांगलं जमतं.

एकदा संतोष आला तेव्हा सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडेना. पाना लावला तरी हलेना. त्याने खिशातून छोटी तेलाची बाटली काढली, दोन थेंब सोडले, जरा वेळ थांबून पुन्हा पाना फिरवला आणि व्हॉल्व्ह सुटला. "गंजलं की असंच हुतंय काका," तो म्हणाला. "थेंबभर त्याल सोडलं की मोकळं."

मी कौतुकाने मान हलवली. दाराची कडी, कात्री, सायकल, पंखा, ज्याला म्हणून काही अडतं त्याला आमच्या घरात तेलच लागतं. त्या दिवशी स्फोट का झाला नाही हे मला नंतर एका जाणत्याने सांगितलं. नशीब, इतकंच त्याचं उत्तर होतं.

गुरुवार

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यात नवीन काही नाही. सकाळी दहाला यंत्र बंद पडलं. शैला शिवणाच्या मशीनवर होती. ती घरी ब्लाउज शिवते, आणि पेठेतल्या निम्म्या बायकांना तिच्या हातचीच बाही लागते. काज ती अजून हाताने करते. मशीनची काजं तिला बघवत नाहीत.

तिने उठून सिलेंडर माझ्या खुर्चीपाशी ओढला. पाना लावला. फिरेना. मला दम लागायला लागला होता. दम लागला की माणूस आधी भितो आणि लगेच चिडतो. मी चिडलो.

"खोबरेल लाव त्याला."

"खोबरेल चिकट होतं हो," ती म्हणाली. "मशीनला मी कधी लावत नाही. आणि हे असं लावावं का? मुक्ताला विचारू का फोन करून?"

"तिला काय कळतंय? त्या संतोषने लावलं होतं ना माझ्यासमोर! खोबरेल लाव म्हणतो ना!"

तिने देवघराच्या शेजारची बाटली आणली. मी सांगितलं तिथे, सांगितलं तितकं लावलं. मग पाना दोन्ही हातांनी धरून जोर केला.

आवाज फार मोठा नव्हता. टायर फुटल्यासारखा. पण व्हॉल्व्हच्या तोंडातून निळीपांढरी ज्वाळ निघाली ती सरळ तिच्या उजव्या हातावर. तिने हात मागे घेतला तोवर मनगटापर्यंत सगळं झालं होतं. भुवया गेल्या. पेटलेला पदर तिने स्वतःच पायाखाली घेऊन विझवला. मी खुर्चीतच. उठलो असतो तर पडलो असतो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी उठायचा प्रयत्नच केला नाही.

खालच्या मजल्यावरचे देवधर धावत आले आणि त्यांनी आम्हाला दोघांनाही ओढून जिन्यात काढलं. अँब्युलन्स आली तेव्हा मी मासोळीसारखा तोंड उघडून बसलो होतो आणि शैला डाव्या हाताने माझी पाठ चोळत होती. तिचा उजवा हात देवधरांनी आणलेल्या पाण्याच्या बादलीत होता. एकाच गाडीतून दोघं गेलो. मला मास्क लावल्यावर ती म्हणाली, "आता बरं वाटतंय ना?"



"मी"

रुग्णालयात मी तिसऱ्या मजल्यावर, ती पाचव्या. तिला आत नेण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "तेल कोणी लावलं?"

"मी," शैला म्हणाली.

मी शेजारी स्ट्रेचरवर होतो. मास्क होता, पण मास्कमधून बोलता येतं. मी बोललो नाही.

भाजल्याची केस म्हणून पोलिसांना कळवलं गेलं. एक हवालदार आले आणि त्यांनी जबाब घेतला. व्हॉल्व्ह घट्ट होता, तिने स्वतःच्या मनाने तेल लावलं, कोणाविरुद्ध तक्रार नाही. मुक्ता ऑफिसमधून धावत आली आणि घाबरलेली माणसं करतात तेच तिने केलं, आईला झापलं. "आई, कॉमन सेन्स आहे ना! हाय प्रेशर ऑक्सिजनला तेल? एकदा मला फोन करायचास ना!"

शैलाने सांगितलं, "सुचलं नाही गं."

हे मला मुक्तानेच खाली येऊन सांगितलं, चिडून, रडत. मी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे, होते चूक एखाद्याकडून." हे वाक्य मी उच्चारलं. इथे लिहिताना माझा मलाच राग येतोय, पण लिहायचं म्हणजे सगळंच लिहायला हवं.

तिसरा मजला, पाचवा मजला

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. पहाटे सुई, सातला चहा नावाचं गरम पाणी, नऊला डॉक्टरांची फेरी, त्यात ते माझ्याशी न बोलता माझ्या बोटाला लावलेल्या यंत्राशी बोलणार. साडेनऊला वर शैलाचं ड्रेसिंग असायचं. जुनी पट्टी सोडवताना माणसं ओरडतात. दोन मजले खाली ऐकू येत नाही, तरी मी साडेनऊ वाजता उशी कानावर घेत असे.

आमच्या वॉर्डातल्या मावशींनी एकदा मला उशी धरलेलं पाहिलं. दुपारी व्हीलचेअर घेऊन आल्या. "चला आजोबा, एक्सरे काढायचाय," म्हणाल्या आणि थेट पाचव्या मजल्यावर नेलं. दारातल्या सिस्टरला म्हणाल्या, "पाच मिनटं. म्हातारा हाय, बायकोला बघू द्या." एक्सरे वगैरे काही नव्हता. मी शैलाला काचेतून पाहिलं. तिने पट्टी बांधलेला हात वर करून दाखवला, बोहारणीला जुनं लुगडं दाखवावं तसा. मला हसू आलं आणि मग श्वास पुरेना.

आमच्या मजल्यावर सिलेंडर बदलणारा एक माणूस होता, पन्नाशीचा, फार न बोलणारा. प्रत्येक वेळी सिलेंडरला हात लावण्याआधी तो बेसिनशी जाऊन साबणाने हात धुवायचा. मी एकदा विचारलं, हे हात आधी का धुता?

"डब्यात भाजी असते, डोक्याला तेल असतं," तो म्हणाला. "तेलकट हाताने इथे पाना धरायचाच नसतो. दाबातला ऑक्सिजन तेलाला भेटला की काडी लागत नाही, आपोआप पेटतं. हे भरणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात." मग त्याने सांगितलं, की दवाखान्याचा ऑक्सिजन कायद्याने औषध असतो. तो भरायला औषधांचा परवाना लागतो, दाबाचा वायू भरायला वेगळा लागतो, आणि सिलेंडर ठरावीक मुदतीने पाणी भरून दाबाला तपासावा लागतो. "शेडमध्ये मोठ्या सिलेंडरला नळी लावून छोटे भरणारे असतात, साहेब. आत काय जातं ते त्यांनाही माहीत नसतं. तुमच्या मिसेसना कोणी सांगितलं हो तेल लावायला?"

मी खिडकीकडे बघितलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाना घेऊन पुढच्या खाटेकडे गेला.

भेटीला

मी आधी घरी आलो, शैला दहा दिवसांनी. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी संतोष आला. हातात चार शहाळी.

"काकू, लय वाईट झालं," तो दारातूनच म्हणाला. "पण त्याल कशापायी लावलं वो तुम्ही?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तू लावलं नव्हतंस? माझ्यासमोर?"

"मी लावलं. तुमी लावा म्हनलो न्हाई. आमाला सवय हाय." मग आवाज उतरवून, "काका, पोलिसात माझं नाव नगा घेऊ. तुमच्यासारखे लय पेशंट हायेत माझ्यावर. मी बंद पडलो तर त्यांनी कुठं जायचं?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त चीड आणणारं होतं. रीतसर सिलेंडर अर्ध्या शहराला वेळेवर मिळत नाही आणि त्या फटीत हा माणूस शेड थाटून बसलाय.

"तुझा परवाना दाखव," मी म्हणालो.

तो खरंच चकित झाला. "आता? सात महिने घेतलं माझ्याकडनं, काका. कधी इचारलं का?"

शैलाने त्याला चहा विचारला नाही. आमच्या घरात ही मोठीच गोष्ट आहे. तो गेल्यावर तिने शहाळी जिन्यात ठेवली.

संध्याकाळी ती फिजिओथेरपीवाल्यांनी दिलेला स्पंजचा चेंडू दाबत बसली होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकत नव्हती. सुई धरायची तर तीच दोन बोटं लागतात. सांधे मोकळे होतील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. मी म्हणालो, "मी उद्या जबाब बदलायला जाणार आहे."

"कशाला? त्यात तुमचंही नाव येईल."

"येऊ दे."

"मुक्ताला कळेल." चेंडू दाबायचा ती थांबली. "तुमच्याकडे वेळ किती आहे ते त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. तेवढ्यात पोरीने तुमच्याशी बोलणं टाकलं तर? माझ्यावर चिडली तर चिडू दे, माझ्यापाशी आहेत वर्षं."

तेव्हा मला कळलं ती स्ट्रेचरजवळ काय करत होती. मी इतके दिवस समजत होतो की ती मला घाबरून गप्प आहे, किंवा सवयीने. तिने हिशेबाने मला वाचवलं होतं, आणि मी लहान मुलासारखा तिच्या पदराआड उभा होतो. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

पोलीस ठाणं

मुक्ताच्या गाडीतून गेलो; जबाबात काय बदलायचंय ते तिला सांगितलं नव्हतं. नवा सिलेंडर रीतसर पुरवठादाराकडचा होता, चिठ्ठी दाखवून, दोन दिवस थांबून मिळालेला. खांद्यावरची तारीख मी चष्मा लावून तीनदा वाचली.

उपनिरीक्षक बाई तरुण होत्या. त्यांनी आमची फाइल काढली, वाचली आणि म्हणाल्या, "यात तर मॅडमनी स्वतःच मान्य केलंय."

"ते खोटं आहे," मी म्हणालो. "तेल लावायला मी सांगितलं. ती नको म्हणत होती. मुलीला फोन करू का, असं तिने विचारलं होतं. मी ओरडलो तिच्यावर. आणि तो सिलेंडर बेकायदा भरलेला होता. भरणाऱ्याचं नाव, नंबर आणि शेडचा पत्ता देतो. सात महिने मी त्याच्याकडून घेत होतो, त्याच्याकडे कागद नाहीत हे मला ठाऊक होतं. तेही लिहा."

मधे दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. मुक्ता माझ्या शेजारी उभी होती. ती वळून खोलीबाहेर गेली. बाहेरच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. शैला माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत कौतुक वगैरे काही नव्हतं. "झालं समाधान?" असं विचारणारी नजर होती ती.

जबाब लिहून व्हायला तास गेला. शैलाचाही नव्याने घेतला. तिने आता सगळं जसं घडलं तसं सांगितलं, फक्त "ओरडले"च्या जागी "म्हणाले" घातलं. मी दुरुस्ती केली. बाईंनी पुन्हा "ओरडले" लिहिलं.

मग हवालदारांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. "मागच्यासारखा डावा अंगठा द्या, काकू. हाताला त्रास नको."

"मला लिहिता येतं," शैला म्हणाली.

तिने पेन डाव्या हाताने उचललं आणि उजव्या हाताच्या न वाकणाऱ्या बोटांत खोचलं. ते पडलं. तिने पुन्हा खोचलं. हवालदार म्हणाले, "राहू द्या हो, चालतं अंगठ्याने." तिने मान वर केली नाही. काचेबाहेरून मुक्ता आत आली. ती माझ्या बाजूला आली नाही, आईच्या खुर्चीशी गेली आणि कागद हलू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर तिने हात ठेवला. शैलाने एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं, माझ्या नावासकट, आडनावासकट. आम्ही सगळे उभे राहिलो आणि तिचं लिहून होईपर्यंत कोणीही घाई केली नाही.